अकरा वेळा गेलात, सात का सांगितलंत?

"वर्षभरात किती वेळा बाहेर गेलात?"

"सहा-सात वेळा, मॅडम."

कस्टम्सच्या अधिकारी बाईंनी पासपोर्टची पानं पुन्हा एकदा उलटली, शेजारच्या स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "अकरा वेळा गेलात. सात का सांगितलंत?"

२५ ऑगस्ट २०२५, पहाटेचे साडेचार. गणपती दोन दिवसांवर आलेले. आमच्या भोसरीच्या कारखान्याचा सर्व्हिस इंजिनियर शारजातलं चार दिवसांचं काम आटोपून घरी परतत होता. पट्ट्यावरून बॅग उचलून तो ग्रीन चॅनेलने, म्हणजे ड्यूटी लागेल असं काही नसलेल्यांच्या वाटेने, निघाला आणि दाराच्या अलीकडे त्याला बाजूला घेतलं. तिथून सुटायला सव्वादहा वाजले. कागदोपत्री हे प्रकरण अजूनही चालू आहे.

मी या कारखान्यात नऊ वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. त्या सकाळी जे झालं त्यात इंजिनियरची चूक थोडी आहे आणि आमच्या ऑफिसची, म्हणजे माझी, बरीच मोठी आहे. भोसरी, चाकण, रांजणगाव, शिरवळ या पट्ट्यातल्या किती तरी छोट्या कंपन्यांची माणसं अशीच हातात टूलकिट घेऊन आखातात जातात-येतात. आमच्यावर आलं ते त्यांच्यावर येऊ नये म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. इंजिनियरने लिहायला परवानगी दिली आहे, नाव मात्र नको म्हणाला. विमानतळाचं नावही लिहीत नाही, कारण असे प्रश्न कुठल्याही विमानतळावर विचारले जातात.

स्क्रीनवरचा माणूस

आम्ही बाटल्या भरायची मशिनं बनवतो. खाद्यतेल, सॉस, फिनेल, जे म्हणाल ते. कारखान्यात माणसं ३८. आखातात, केनियात आणि बांगलादेशात मिळून आमची चाळीसेक मशिनं चालू आहेत. लाइन बंद पडली की गिऱ्हाइकाचा दुपारी फोन येतो आणि रात्रीच्या विमानात आमचा माणूस बसलेला हवा असतो. तिकीट ट्रॅव्हल एजंट काढतो, पैसे कंपनीच्या कार्डावरून जातात, परतीची तारीख तीन-चार दिवसांतली. चार वर्षांत आमच्या या इंजिनियरचा हा दुसरा पासपोर्ट. पहिला ३६ पानी भरला, म्हणून या वेळी ६० पानी जम्बो काढून घेतला.

आम्हाला हे रोजचं. आता हेच काउंटरच्या पलीकडून बघा. ३४ वर्षांचा एकटा पुरुष. वर्षात सहा वेळा दुबई-शारजा, तीन वेळा मस्कत, एकेकदा नैरोबी आणि ढाका. दर वेळी मुक्काम चार दिवसांच्या आत. तिकीट आयत्या वेळचं, पैसे भरणारा तिसराच. सोनं आणायला माणूस भाड्याने पाठवतात, त्याला धंद्यात कॅरिअर म्हणतात. कॅरिअरचा प्रवास हुबेहूब असाच दिसतो.

आणि हा प्रवास त्यांना दिसतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने प्रवाशांच्या बुकिंगच्या नोंदींबद्दल स्वतंत्र नियम केले. त्यानुसार विमान कंपनीने प्रत्येक आंतरराष्ट्रीय प्रवाशाच्या बुकिंगचा तपशील उड्डाणाच्या आधीच कस्टम्सच्या केंद्राला द्यायचा आहे: नाव, प्रवासाचा मार्ग, पैसे कसे भरले, एजंट कोण, सामान किती. ही माहिती पाच वर्षं ठेवता येते. म्हणजे बाईंनी 'किती वेळा' हे विचारलं तेव्हा उत्तर त्यांच्यासमोर असणार. त्यांना आकडा नको होता. हा माणूस काय सांगतो ते ऐकायचं होतं.

तो खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त दुबई-शारजाच्या फेऱ्या मोजल्या, कारण विमान तिथूनच आलं होतं. रात्रभर जागा, डोकं जड, बाहेर वडील थांबलेले. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते चार फेऱ्या लपवल्यासारखं वाटलं, आणि पुढचा प्रत्येक शब्द त्याच चष्म्यातून ऐकला गेला.

२०२५ च्याच मार्चमध्ये बंगळूरच्या विमानतळावर एका अभिनेत्रीकडे १४ किलोंहून जास्त सोनं सापडलं होतं. तिच्या दुबईच्या वारंवार फेऱ्यांवरूनच संशय आला, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. ऑगस्टमध्ये तोळा लाखावर गेलेला. अशा दिवसांत वारंवार फिरणाऱ्याला थांबवलं म्हणून मी अधिकाऱ्यांना दोष देणार नाही. त्यांच्या जागी मी असते तरी थांबवलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण आमच्या ऑफिसातही तो होता. परत आल्यावर दोन वेगळी टेबलं लागतात. पहिलं इमिग्रेशन, ते गृह मंत्रालयाखालचं. तिथे तुम्ही कोण, पासपोर्ट खरा का, तुमच्या नावाने काही सूचना निघालेली आहे का एवढं बघतात. आमच्या माणसाला तिथे "परत इतक्यात?" एवढंच विचारलं आणि शिक्का मारला. दुसरं टेबल कस्टम्सचं, अर्थ मंत्रालयाखालचं, ते सामान बघतात. पुढे कुणीतरी त्याला सल्ला दिला की सरकारच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर योजनेत नाव नोंदव, मग कुणी अडवणार नाही. ती योजना २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरू झाली, १६ जानेवारी २०२५ ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली, आणि चांगलीच आहे. ई-गेटमधून पटकन बाहेर पडता येतं. पण ती सोय पहिल्या टेबलापुरती. दुसऱ्या टेबलावर त्या नोंदणीचा काही उपयोग नाही.

सॅम्पल, स्पेअर, फॉल्टी

बॅगेत कपडे होते, टूलकिट होतं, दोन किलो खजूर, अत्तराच्या दोन बाटल्या, दोन लॅपटॉप. दुसरा लॅपटॉप जुना, कारण आमच्या पहिल्या मशिनांच्या पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय उघडत नाही. आणि एकाच मॉडेलचे दोन सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मशीनची मोटर नेमकी फिरवणारे इलेक्ट्रॉनिक डबे. एक जळालेला, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरा कोरा करकरीत, सीलबंद खोक्यात.

झालं होतं असं. जाताना तो दोन नवे ड्राइव्ह घेऊन गेला, कारण एक जळाला की दोन की हे इथून कळत नाही. एक बसवला, दुसरा लागला नाही, तो परत आणला. जळालेलाही आणला, कारण पुण्यात त्याचं कार्ड दुरुस्त करून मिळतं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या अधिकाऱ्याने खोकं उचलून विचारलं, हे काय? इंजिनियर म्हणाला, "सॅम्पल आहे सर." आमच्याकडे बिलाशिवाय बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला सॅम्पल म्हणायची सवय आहे. शॉपफ्लोअरवर म्हणतात, स्टोअरमध्ये म्हणतात, मीही म्हणते. पाच मिनिटांनी बाई आल्या, त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, "मशीनचा स्पेअर आहे." तिकडे घेतला का? नाही, इथूनच नेला होता. मग कागद दाखवा. त्याने गेट पास काढला. त्यावर लिहिलेलं: 'सर्व्हो ड्राइव्ह, २ नग, परत येणे.' सिरियल नंबर नाही. खाली सही माझी.

आणि हा दुसरा काय म्हणून त्यांनी पिशवीकडे बोट केलं, तेव्हा तो पुरता गोंधळला आणि म्हणाला, "फॉल्टी आहेत मॅडम, दोन्ही."

सील न तोडलेल्या खोक्यातला ड्राइव्ह फॉल्टी कसा असेल? एका वस्तूला दहा मिनिटांत तीन नावं दिली गेली. तिन्ही नावं आमच्या कारखान्यात रोज वापरली जातात, तिन्हींना आमच्याकडे जवळपास एकच अर्थ आहे. कायद्यात तिन्हींचे अर्थ वेगळे. सॅम्पल म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा माल. स्पेअर म्हणजे व्यापारी माल. इथून नेलेली फॉल्टी वस्तू म्हणजे परत आयात होणारा माल, त्याचा रस्ता वेगळा.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. कस्टम्स कायदा १९६२ चा. त्याच्या कलम ७७ प्रमाणे प्रवाशाने आपल्या सामानाची घोषणा करायची असते. ग्रीन चॅनेलने चालत जाणं म्हणजेच 'माझ्याकडे ड्यूटी लागेल असं काही नाही' असं सांगणं. कलम ७९ ची सवलत प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या वैयक्तिक सामानाला आहे. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांत आखातातून येणाऱ्या आपल्या माणसाला ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती, वर एक लॅपटॉप माफ, सवलतीवरच्या सामानाला ३८.५ टक्के. लोक हा ५०,००० चा आकडा धरून बसतात. पण कंपनीचा ड्राइव्ह हे इंजिनियरचं वैयक्तिक सामानच नव्हे. तो ५,००० चा असता तरी या सवलतीत बसला नसता. हे मला माहीत होतं. एवढं असून गेली कित्येक वर्षं मी गेट पासवर सही करत आले, कारण दर वेळी माल सुखरूप परत येत होता.

मला फोन आला पाच वाजून दहा मिनिटांनी. आवाज इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही. "ताई, मला आत बसवलंय. ड्राइव्हचे पेपर पाठवा ना पटकन." लॅपटॉप उघडून मी मशीनचं २०२३ चं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टम्सला दिलेला कागद, शोधलं. न्हावाशेवाहून गेलेलं मशीन, पॅकिंग लिस्ट पाच पानी, पण आतल्या ड्राइव्हचे नंबर कुठेच नाहीत. नव्या ड्राइव्हचं बिल पुण्यातल्या डीलरचं होतं, त्यावर सिरियल नंबर होता. ते अकाउंट्सच्या कपाटात, आणि किल्ली ज्याच्याकडे तो साडेनऊला येतो.

चेन

सात वाजता प्रकरण ड्राइव्हवरून त्याच्या गळ्यावर आलं. शर्टाच्या आत दोन तोळ्यांची चेन होती. लग्नातली, सासऱ्यांनी घातलेली. सोन्याबाबत नियम कडक आहे. दागिन्यांची जी सवलत आहे ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्याला. चार दिवसांत येणाऱ्याला नाही. अंगावरचा वापरातला दागिना म्हणजे तस्करी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. पण वापरातला आहे हे सकाळी सात वाजता, काउंटरवर, कसं सिद्ध करायचं?

त्याने बायकोला फोन लावला. तिने कपाटातून लग्नाचा अल्बम काढला, ट्यूबलाइटखाली धरून फोटोचा फोटो काढला आणि पाठवला. अर्ध्या फोटोवर प्लास्टिकची चमक आलेली. बाईंनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग चेन हातात मागितली. कडीचा हूक सैल झाला म्हणून त्याच्या आईने कधीतरी तिथे लाल दोरा गुंडाळलेला होता. दोरा घामाने काळपट पडला होता, कड्यांच्या फटींत मळ बसलेला. बाईंनी नखाने तो दोरा जरा सरकवून पाहिला आणि चेन परत दिली. "पुढच्या वेळी जाताना नोंद करून जा," एवढंच म्हणाल्या.

ती नोंद म्हणजे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. देशाबाहेर जाताना सोबत मौल्यवान वस्तू असेल, दागिना, कॅमेरा, मोजमापाचं यंत्र, तर ती चेक-इन करण्याआधी डिपार्चरच्या कस्टम्स अधिकाऱ्याला दाखवायची आणि वर्णनासकट कागद घ्यायचा. परतताना तो कागद दाखवला की वस्तू इथूनच गेली होती हा प्रश्न मिटतो. इतकी वर्षं ये-जा करणाऱ्या आमच्या माणसाने हा शब्द त्या सकाळी पहिल्यांदा ऐकला. त्याला तो सांगणं माझं काम होतं. नव्या ड्राइव्हचंही असंच सर्टिफिकेट जाताना घेतलं असतं, तर सीलबंद खोक्याची एवढी चौकशी झाली नसती.

जबाब

आठच्या सुमारास त्याचा लेखी जबाब घेतला. कलम १०८ खालचा. या कलमाबद्दल वारंवार प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

कलम १०८ खाली कस्टम्सचा राजपत्रित अधिकारी माणसाला बोलावून विचारू शकतो, कागद मागू शकतो. विचारलेल्या माणसाने खरं सांगणं बंधनकारक आहे. कस्टम्स अधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत, त्यामुळे पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीला पुरावा म्हणून जी मनाई आहे, ती इथे लागू होत नाही. तुम्ही सही केलेला जबाब पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. या चौकशीत वकील शेजारी बसवण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवलं आहे. म्हणजे त्या खोलीत माणूस एकटा असतो. कंपनी, मालक, एक्स्पोर्टची ताई, सगळे फोनच्या पलीकडे.

पण हक्क अगदीच नाहीत असं नाही. अंगझडती घ्यायची म्हटली तर कलम १०२ प्रमाणे 'मला राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या' असं म्हणता येतं, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. जबाब वाचल्याशिवाय सही करू नये. अटक झालीच, तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. माल ठेवून घेतला तर त्याची पावती मिळायलाच हवी. माल जप्त झाला तर साधारण सहा महिन्यांत शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस यावी लागते, ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते.

जबाबात त्याने 'सॅम्पल' का म्हणालो ते सांगायचा प्रयत्न केला. तो कागदावर आला असा: 'मी आधी चुकीची माहिती दिली.' वाक्य खोटं नाही. पण 'आमच्याकडे सगळ्यालाच सॅम्पल म्हणतात' हे त्यात नाही. त्याने ते वाक्य घालायला सांगायला हवं होतं. साडेतीन तास बसलेल्या, उपाशी, बाहेर वडिलांचे अकरा मिस्ड कॉल पडलेल्या माणसाला ते सुचलं नाही.

जबाबासोबत एक छापील कागदही पुढे आला: मला लेखी नोटीस नको, हिअरिंग नको, तोंडी सांगितलेलं पुरेसं आहे. त्याने सही करण्याआधी मला फोन केला, ही त्या सकाळची एकच चांगली गोष्ट. मी आमच्या सीएचए काकांना, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या आमच्या एजंटना, उठवलं. त्यांनी एका दमात सांगितलं, "जबाबावर सही कर म्हणावं, यावर नको. घाईत घरी जायला मिळेल म्हणून हिअरिंग सोडू नये." २०२५ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने असा आधीच छापलेला 'नोटीस नको' कागद पुरेसा नाही असं म्हटलं होतं, तेही काकांनीच सांगितलं. सही केली नाही म्हणून त्याला कुणी दरडावलं नाही. दोन्ही ड्राइव्ह ठेवून घेतले, पावती दिली, सोडलं.

वडील रात्रभर बाहेर गाडीत होते. टर्नर म्हणून आयुष्यभर मशीनवर उभे राहिलेले गृहस्थ. दुसऱ्या दिवशी ते मखराचं सामान आणायला निघाले होते, वाटेत कारखान्याच्या गेटवर आले आणि मला भेटले. रागावलेले नव्हते. "ताई, चुकलं काय माझ्या पोराचं, एवढं सांगा," म्हणाले. मी गेट पासची माझी कॉपी त्यांना दाखवली.

हिशेब

हिअरिंग दोनदा झालं. डीलरचं बिल, त्यावरचा सिरियल नंबर आणि ठेवलेल्या ड्राइव्हवरचा नंबर जुळले, तेव्हा नवा ड्राइव्ह पुण्यातलाच हे मान्य झालं. त्यावर ड्यूटी नाही. जळालेल्याचा नंबर कुठल्याच निर्यात कागदावर नव्हता. इथून गेलेला माल साधारण तीन वर्षांत परत आला तर आयात ड्यूटीत सूट मिळते, पण तोच माल आहे हे पटवावं लागतं. मशीन २०२३ चं, मुदत शिल्लक होती, पटवायला कागद नव्हता. त्याची किंमत २०,००० धरली, ड्यूटी ७,७००. माल सोडवायचा दंड १०,०००. आणि खोटी घोषणा केल्याबद्दल ५,००० ची पेनल्टी, इंजिनियरच्या नावावर. नोव्हेंबरात आदेश आला.

एकूण २२,७०० रुपये. ते कंपनीने भरले, त्यात प्रश्नच नव्हता. हे ड्राइव्ह रीतसर कागदांसह कुरिअरने पाठवून परत मागवायला मला १४,००० चं कोटेशन आलं होतं. मालकांना मी ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "दोन किलोचं तर आहे, बॅगेत टाक ना." आणि मी टाकलं.

कारखान्यात चर्चा पैशांचीच झाली. माझ्या मते खरं नुकसान त्या आदेशावरच्या नावाचं आहे. निर्णय कंपनीचा, बचत कंपनीची, पण 'सामान कुणी भरलं, त्यात काय आहे, कुणाचं आहे' याची उत्तरं द्यायला उभा माणूस राहतो आणि दंड त्याच्या नावाने निघतो. त्यानंतरच्या पाच फेऱ्यांत त्याला तीनदा बाजूला घेतलं. काही सापडलं नाही, पंधरा-वीस मिनिटांत सोडलं. पण तिसऱ्या वेळेनंतर तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, मला आता इथेच काम द्या. ट्रायलवर उभा राहतो." आमच्याकडे त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

मग बरंच काही बदललं. प्रत्येक ड्राइव्ह, पीएलसी, मोटर यांचे सिरियल नंबर आता पॅकिंग लिस्टवर आणि गेट पासवर जातात. स्टोअरमधल्या मुलाला आधी ते डोकेदुखी वाटलं, आता तो नेमप्लेटचा फोटोही सोबत काढून ठेवतो. जळका माल बॅगेतून येत नाही, कार्गोने शिपिंग बिलाच्या संदर्भासह येतो, किंवा तिथेच भंगारात जातो. नवा स्पेअर बॅगेतून न्यायचाच असेल तर एक तास आधी पोहोचून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. सोबत कंपनीच्या लेटरहेडवर एक पान: हा आमचा कर्मचारी, या गिऱ्हाइकाकडे या मशीनसाठी जातोय, गेल्या वर्षातल्या फेऱ्या या तारखांच्या, चौकशीसाठी हा नंबर, आणि तो नंबर रात्री उचलला जातो. तो नंबर माझा आहे. विमान उतरायच्या आत त्या पानावरून फेऱ्या पुन्हा मोजायच्या. काही शंका असली तर रेड चॅनेल, म्हणजे सामानाची घोषणा करून जायची वाट. हवी तर कस्टम्सच्या 'अतिथी' ॲपवर आधीच घोषणा. आणि 'सॅम्पल' हा शब्द गेट पासवर लिहायला बंदी. तोंडातून जायला वेळ लागेल.

मालकांनी कुरिअरचा खर्च आता सर्व्हिसच्या कोटेशनमध्येच धरायला सांगितलं. दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी विचारलंही नाही.

इंजिनियर जानेवारीत मस्कतला गेला. जायच्या आदल्या दिवशी चेन काढून आईकडे ठेवत होता. मी म्हटलं, काढू नकोस, नोंद करून घालून जा. तो हो म्हणाला, पण गेला रिकाम्या गळ्यानेच. परतताना त्याने स्वतःहून रेड चॅनेलवर फाइल पुढे केली. फेऱ्या किती, तर "या बारा महिन्यांत तेरा, ही धरून." अधिकाऱ्याने पान वाचलं, सर्टिफिकेटवरचा नंबर खोक्याशी ताडला आणि त्याला जाऊ दिलं.

आदेशाविरुद्ध साठ दिवसांच्या मुदतीत आयुक्तांकडे अपील केलं आहे. ड्यूटी भरली ती भरली, सोडवणुकीचा दंडही परत मागितलेला नाही. मागणी एकच आहे: ५,००० ची पेनल्टी त्याच्या नावावरून काढा. माल कंपनीचा होता, तो बॅगेत टाकायचा निर्णय कंपनीचा होता, आणि गेट पासवर सही कुणाची होती ते मी प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं आहे. तारीख अजून लागलेली नाही.